मोबाईल मोजायचा तर आधी हात मोजा

(वर्ध्यात कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेलं भाषण. बोललो तसंच ठेवलंय, मधली प्रश्नोत्तरं तेवढी गाळली.)



तुम्ही वर्धा, हिंगणघाट, पुलगाव, देवळी इथल्या बस्त्यांत फॉर्म घेऊन फिरणार. लोक मोबाईल कसा वापरतात ते शोधणार. मला बोलावलंत ते सर्व्हे कसा करतात हे सांगायला. मी प्रोफेसर नाही. वीस वर्षं दुसऱ्यांचे फॉर्म भरलेत, रोजंदारीवर. पाण्याचे भरले, कापसाचे भरले, बाळंतपणाचे भरले. संशोधकाचं नाव पुस्तकावर येतं. फॉर्म भरणाऱ्याचं नाव हजेरीपटावर येतं आणि पगार झाला की तेही खलास. म्हणून मी सांगणार ते पुस्तकाच्या मागच्या दारातून पाहिलेलं. जिथं पुस्तकाचं नाव घ्यायला पाहिजे तिथं घेईन.

तुमचा फॉर्म पाहिला. पहिलाच प्रश्न : 'तुमच्या घरी मोबाईल आहे का? होय / नाही.' हा प्रश्न खोडून टाका.

का, ते ऐका. तुम्ही दारात उभे. काकू भांडी घासतेय.

'काकू, मोबाईल हाये का घरी?'

'हाये ना जी.'

'कुठं हाये?'

'पोट्ट्यापाशी. थो बुटीबोरीले कंपनीत जाते. रातच्याले येते.'

'मंग तुमाले कोनाले फोन लावाचा असन तं?'

'मले कोन लावू देते? भाऊ मेला तवा शेजारच्या पोरीच्या फोनवर निरोप आलता.'

आता लिहा फॉर्मवर. 'होय' वर खूण करा. ही खूण तालुक्याला जाईल, जिल्ह्याला जाईल, मुंबईला जाईल, आणि एक दिवस कुणी साहेब भाषणात सांगेल की घरोघरी मोबाईल पोचला. काकूच्या हातात अजून भांडंच आहे.

हे 'घर' नावाचं प्रकरण फार लबाड आहे. २०११ च्या जनगणनेनं घराला विचारलं : टेलिफोन आहे का? देशातली ६३.२ टक्के घरं हो म्हणाली. घराच्या आवारात संडास होता ४६.९ टक्क्यांकडे. पेपरवाल्यांना गंमत वाटली, भारतात संडासापेक्षा फोन जास्त म्हणून मथळे झाले. डोक्यावरून मैला वाहिलेल्यांच्या नातवंडांनी त्यात हसण्यासारखं काय शोधायचं? पण पद्धतीपुरतं बोलू. घराला विचारलं की घराचा मालक उत्तर देतो. बाई, म्हातारी, पोरगी, परत आलेली लेक, या सगळ्या त्या एका 'होय'च्या पोटात गडप.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्व्हेवाल्यांनी प्रश्न बदलला. त्यांनी बाईला विचारलं, तुम्ही स्वतः वापरता असा मोबाईल तुमच्याकडे आहे का? २०१५-१६ मध्ये देशात ४६ टक्के बाया हो म्हणाल्या, २०१९-२१ मध्ये ५४. पुढे आणखी एक प्रश्न टाकला : आलेला मेसेज वाचता येतो का? फोन असणाऱ्यांतल्या ७१ टक्के हो म्हणाल्या. म्हणजे फोन हातात असून ज्यांना तो वाचता येत नाही अशाही बाया आहेत. अगदी अलीकडं, २०२५ च्या सुरुवातीला सरकारच्या सांख्यिकी खात्यानं टेलिकॉमचा सर्व्हे केला. त्यात ८५.५ टक्के घरांत स्मार्टफोन निघाला. बँडबाजा वाजवायला हा आकडा झकास. त्याच सर्व्हेत खेड्यातल्या पंधरा वर्षांवरच्या पुरुषांत ८०.७ टक्क्यांचा स्वतःचा मोबाईल आहे आणि बायांत ४८.४ टक्क्यांचा. एकच सर्व्हे. प्रश्न घराला विचारला तर एक देश दिसतो, बाईला विचारला तर दुसरा.

कंपन्यांचे आकडे तर विचारूच नका. ट्राय दर महिन्याला जे मोजते ते सिम. एका खिशात दोन सिम असले तर दोन गिऱ्हाईक. शहरात म्हणूनच शंभर माणसांमागं शंभराच्या वर जोडण्या दिसतात. आणि त्यांचं 'महाराष्ट्र सर्कल' म्हणजे मुंबई सोडून महाराष्ट्र, वर गोवा. त्यात वर्धा जिल्हा शोधत बसा.

कुणी म्हणेल, एवढं काय चावताय शब्द? शब्द चावावाच लागेल, कारण आता राशन, स्कॉलरशिप, हजेरी, कापूस, सगळ्याच्या दाराशी फोन उभा केलाय. २०२५ मध्ये लाडकी बहीणची ई-केवायसी आली. बाईचा आधार, बाईचा ओटीपी. वर नवऱ्याचा नाहीतर बापाचाही आधार, त्याचाही ओटीपी. नवरा सोडून गेलेला असेल तर? त्याला शोधून म्हणायचं, बाबा, तुझ्या फोनवर आकडा आलाय तेवढा सांग? रोजगार हमीच्या कामावर १ जानेवारी २०२३ पासून मोबाईलच्या ॲपवरून हजेरी सक्तीची केली, दिवसातून दोन वेळा फोटो. रेंज नाही तर हजेरी नाही, हजेरी नाही तर मजुरी नाही. २०२५ च्या हंगामात सीसीआयला हमीभावानं कापूस द्यायचा तर 'कपास किसान' ॲपवर नोंदणी आली. या वर्धा-हिंगणघाटच्या पट्ट्यात कापूस हेच रक्त आहे. मक्त्यानं शेती करणाऱ्या आपल्या माणसाचा ना सातबारा, ना ॲप. आणि तक्रार घेऊन गेलं की उत्तर तयार : घरोघरी मोबाईल आहे ना!

तो 'होय' कुणी लिहिला? आपल्यासारख्या फॉर्म भरणाऱ्यानं.

मग विचारायचं काय? एकच प्रश्न तोडून त्याचे तुकडे करायचे. सिम कुणाच्या नावावर? रिचार्जचे पैसे कोण देतं, आणि मागच्या वेळी संपला तेव्हा किती दिवस बंद राहिला? दिवसा फोन कुठं असतो, रात्री कुणाच्या उशाशी? लॉक कुणाकुणाला उघडता येतं? आधारला कोणता नंबर जोडलाय, तो अजून चालू आहे का? ओटीपी आला की कोण वाचतं? या शेवटच्या प्रश्नावर बसा. घाई करू नका. चहा आला तर घ्या. बाया या प्रश्नावर आख्खा संसार सांगतात. कुणी सांगेल, सेतू केंद्रातल्या पोराला पन्नास रुपये देते, तोच वाचतो, तोच टाकतो. कुणी सांगेल, जावयाचा नंबर दिला, आता जावई फोनच उचलत नाही. लिहून घ्या, तिच्या शब्दांत. 'इतर' असा चौकोन असतो ना फॉर्ममध्ये शेवटी, एवढासा? आपली सगळी जात त्या 'इतर' मध्ये कोंबलेली असते. तो चौकोन अर्ध्या पानाचा करा.

दुसरी गोष्ट. 'तुम्ही दिवसाला किती वेळ फोन वापरता?' असाही प्रश्न आहे तुमचा. माणसाला हे सांगता येत नाही. खोटं बोलतो म्हणून नव्हे, कुणालाच येत नाही. नॉर्वेत बोअस आणि लिंग या दोघांनी चारशेवर माणसांना विचारलं, किती फोन करता, किती मेसेज पाठवता. मग कंपनीकडून त्यांच्याच नोंदी घेऊन ताळा केला. २०१३ साली छापलं. सांगितलेलं आणि नोंदीतलं यांचा मेळ जेमतेम. २०२१ मध्ये अशा बऱ्याच अभ्यासांची एकत्र बेरीज झाली, तिथंही तेच. ती नॉर्वेची माणसं, सगळी शिकलेली, प्रत्येकाचा फोन वेगळा. आणि आपल्याकडं मेडिकलच्या, इंजिनिअरिंगच्या पोरांना वर्गात फॉर्म वाटून 'मोबाईलचं व्यसन' मोजायची साथ आलीय. वर्गात बसलेली पोरं आयती सापडतात म्हणून त्यांचाच अभ्यास. कापूस वेचणारीला कोणतं व्यसन आहे ते मोजायला उन्हात जावं लागेल.

कुणी म्हणेल, फोनमध्येच किती तास वापरला ते दिसतं, ते बघू. स्मार्टफोनमध्ये दिसतं, खरंय. पण ते तास फोनचे असतात. एका फोनवर बाप सकाळी भाव बघतो, पोरगी दुपारी अभ्यासाचा व्हिडिओ बघते, धाकटा संध्याकाळी गेम खेळतो, आणि आई रात्री बहिणीशी चार मिनिटं बोलते. मशीन सांगेल सात तास. कुणाचे सात तास? साध्या बटणवाल्या फोनमध्ये तर तेही नाही.

त्यापेक्षा कालचं विचारा. फक्त कालचं. वेळ-वापराचा सरकारी सर्व्हे झाला २०१९ ला आणि २०२४ ला, त्यात पहाटे चार ते दुसऱ्या दिवशी पहाटे चार असा एक दिवस धरतात आणि अर्ध्या-अर्ध्या तासानं विचारत जातात. आपणही तसंच करू. 'काल उठल्यावर फोन पहिल्यांदा कोणी उचलला?' इथून सुरू करा, दिवस उलगडत न्या. दिवस उलगडला की फोन आपोआप दिसतो, कधी हातात, कधी दुसऱ्याच्या खिशात.

तिसरं. येतं का, असं विचारू नका. करून दाखवायला सांगा. 'असर'वाल्यांनी २०२३ मध्ये खेड्यातल्या चौदा ते अठरा वयाच्या पोरापोरींना सांगितलं, फोन घेऊन या आणि आमच्यासमोर करा : अलार्म लावा, माहिती शोधा, व्हिडिओ शोधा, नकाशावर रस्ता बघा. घरात स्मार्टफोन असणं, तो वापरता येणं, तो त्या क्षणी मागून आणता येणं, आणि तो स्वतःचा असणं, या चार वेगळ्या गोष्टी तिथं वेगळ्या झाल्या. वापरता येणाऱ्यांपैकी ४३.७ टक्के पोरांकडं स्वतःचा फोन होता, पोरींपैकी १९.८ टक्क्यांकडं. याच लोकांनी २०२० च्या लॉकडाऊनमध्ये फोनवरून सर्व्हे केला होता. शाळकरी पोरांच्या घरात स्मार्टफोन २०१८ ला ३६.५ टक्के होता, तो ६१.८ वर गेला असं निघालं. आता डोकं चालवा : फोनवरून सर्व्हे केला तर ज्याच्याकडं फोनच नाही तो कुठं सापडणार? जाळ्यात न आलेला मासा मोजायला जाळं कामाचं नाही. तुमच्यातले काही 'गूगल फॉर्म पाठवू, लवकर होईल' म्हणत होते. लवकर होईल आणि फुकट जाईल.

आता एक आपल्याच महाराष्ट्रातला अभ्यास सांगतो, कारण तो मला फार आवडतो. २००७ पासून इथं रॉयटर्स मार्केट लाइट नावाची सेवा आली. शेतकऱ्याच्या मोबाईलवर बाजारभाव, हवामान, सल्ला. जाहिरात अशी की भाव कळला म्हणजे दलालाचं राज्य बुडालं! फाफशां आणि मिन्टेन या दोन अर्थशास्त्र्यांनी पाच जिल्ह्यांतली शंभर गावं घेतली. चिठ्ठ्या टाकल्यासारखं करून काहींना वर्षभर सेवा फुकट दिली, काहींना दिली नाही. मग दोघांची तुलना. २०१२ मध्ये निकाल छापला : मेसेज मिळालेल्यांना सरासरी जास्त भाव मिळाला असं काही दिसलं नाही.

ही चिठ्ठीची पद्धत समजून घ्या. नुसतं 'फोन घेतल्यावर उत्पन्न वाढलं का' विचारलं असतं तर पावसानं वाढलेलंही फोनच्या खात्यात जमा झालं असतं. सोबत बिनमेसेजचे शेतकरी ठेवले म्हणून फुगा फुटला. असली शिस्त परक्यांकडून घ्यायला लाजू नये. आणि त्यातलं न दिसणारंही बघा. नमुना होता माल विकणाऱ्या शेतकऱ्यांचा. त्याच शेतात निंदणाला जाणारी बाई त्या शंभर गावांत होतीच. तिला कोणता मेसेज यायला पाहिजे होता? आजची मजुरी शेजारच्या गावात किती, हा! तो पाठवणारी कंपनी काही निघाली नाही.

केरळच्या मच्छीमारांचंही असंच. १९९७ पासून किनाऱ्यावर मोबाईल आले, जेन्सन नावाच्या अभ्यासकानं २००७ मध्ये दाखवलं की बंदराबंदरातल्या भावातली तफावत घटली, मासळी फेकून द्यायचं थांबलं. जगभर गाजलं. नंतर जानकी श्रीनिवासन आणि जेना बरेल तिथं प्रत्यक्ष लोकांत फिरल्या, तेव्हा कोणाची होडी, कोणाचं कर्ज, माल कोणाला द्यायला बांधलेले, असे प्रश्न वर आले. 'मच्छीमार' म्हटलं की सगळे एका होडीत बसत नाहीत. 'शेतकरी' म्हटलं की आपण बसतो का?

चळवळीच्या पोरांनी एक पुस्तक मात्र मिळवून वाचावं. रॉबिन जेफ्री आणि आसा डोरॉन यांनी भारतातल्या मोबाईलवर २०१३ मध्ये लिहिलं. त्यात उत्तर प्रदेशची २००७ ची निवडणूक आहे. पेपर आपले नाहीत, टीव्ही आपला नाही, पण बहुजन समाज पक्षाच्या कार्यकर्त्याच्या हातात स्वस्त फोन आला होता. ४०३ पैकी २०६ जागा आल्या. मोबाईलनं सरकार आणलं असं ते म्हणत नाहीत. कांशीरामांनी १९७८ पासून बामसेफ, मग डीएस-फोर, सायकलवर फिरून जी माणसं बांधली होती त्यांना फोन मिळाला, म्हणून तो कामाला आला. पाच वर्षांनी फोन सगळ्यांकडंच झाला आणि सत्ता गेली. म्हणून फॉर्ममध्ये 'फोनमुळे तुमच्यात काय बदल झाला?' असं विचारू नका. फोनच्या आधी निरोप कसा जायचा, कोण घेऊन जायचं, आता कोण पाठवतं, असं विचारा.

आता जातीचं. तुमच्या फॉर्ममध्ये रिंगटोन आणि डीपी विचारलेत. कुणाच्या डोक्यातून आलं ते माहीत नाही, पण विचार करून टाकलं असेल असं वाटत नाही. मे २०१५. शिर्डी. एक दलित तरुण दुकानात होता, फोन वाजला, रिंगटोनला बाबासाहेबांचं गाणं. त्यावरून भांडण काढलं, उचलून नेला, ठार मारला. देशभर बातमी झाली. फोन कसा वापरतात याचा अभ्यास करणाऱ्या कोणत्या फॉर्ममध्ये हे बसतं? रिंगटोन ही इथं वेशीवर लावलेली पाटी आहे. गावात एक गाणं, बस्तीत दुसरं, एसटीत सायलेंट, असं जगणारी पोरं आहेत. म्हणून हा प्रश्न ठेवायचा असेल तर चावडीवर, पानठेल्यावर, मालकाच्या खळ्यावर विचारायचा नाही. घरात, एकट्याला, आणि 'कधी बदलता?' असं विचारा. 'कोणती आहे?' नको.

त्याहून कामाचा प्रश्न तुम्ही टाकलेलाच नाही. गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तुम्ही आहात का? ग्रामसभेची तारीख, टँकरची वेळ, घरकुलाची यादी, सगळं आजकाल त्या ग्रुपवर पडतं. ॲडमिन कोण? बस्तीतली किती माणसं आत? जयंतीचा फोटो टाकल्यावर कुणाला काढलं? गावकूस पडलं म्हणतात. एकदा ही यादी करून बघा.

नमुना कसा निवडायचा यावरही जातीचीच सावली असते. सर्व्हेवाला एसटी स्टँडवर उतरतो, पहिल्या गल्लीत शिरतो, दुपारी एकपर्यंत वीस फॉर्म संपवतो. बस्ती पलीकडं, नाल्याच्या पार. तिथपर्यंत पाय पोचत नाहीत. मी किती जणांना असं करताना पाहिलंय! त्यावर उपाय मोठ्या सर्व्हेत असतो तोच : आधी आख्ख्या वस्तीचा नकाशा काढा, प्रत्येक दाराला नंबर द्या, मग ठरलेल्या अंतरानं घर घ्या. घर बंद असेल तर शेजारचं घ्यायचं नाही, परत जायचं. आणि वेळ बघा. दिवाळीपासून पुढं वेचणी चालते. सकाळी अकराला गेलात तर म्हातारे आणि पोरंच भेटतील आणि तुमच्या अहवालात लिहिलं जाईल की बाया बोलत नाहीत. बाया रानात आहेत. संध्याकाळी सातला जा.

फोन हातात घेऊ नका. कुणी देत असलं तरी नाही. 'फोन दे' हे वाक्य आपल्या पोरांनी पोलिसांच्या तोंडून ऐकलंय. जमैकात हॉर्स्ट आणि मिलर यांनी लोकांच्या फोनमधल्या नावांवरून नात्यांचा अभ्यास केला, २००६ मध्ये पुस्तक आलं, पद्धत छान आहे. आपण ती अशी करू : माणूस स्वतः फोन धरेल, नाव मनात वाचेल, आपल्याला फक्त सांगेल, नातेवाईक, मित्र, मुकादम, सावकार, साहेब. आपण रेघा मारायच्या. नाव नाही, नंबर नाही. फॉर्मवर घराचा क्रमांक, आणि क्रमांकाची यादी वेगळ्या वहीत, वेगळ्या माणसाकडं. फोटो काढून ग्रुपवर टाकायचा नाही. टाकला तर त्या पोरानं घरी बसावं.

आपल्याला चौकशी नवी नाही. फुले १८८२ मध्ये हंटर कमिशनपुढं आपलं निवेदन घेऊन गेले. बाबासाहेब १९२८ पासून स्टार्ट समितीत बसले आणि मुंबई इलाख्यातल्या अस्पृश्यांची, आदिवासींची हालत कागदावर आणली, १९३० ला अहवाल निघाला. दुसऱ्यानं मोजलं तर किती कमी मोजतो हे त्यांना ठाऊक होतं. २०२७ ची जनगणना मोबाईलवरून होणार, जातही विचारणार, असं सरकारनं २०२५ मध्ये जाहीर केलंय. तेव्हा हे काम हौस म्हणून करू नका.

आणखी एक. सेवाग्रामच्या मेडिकल कॉलेजात दरवर्षीची नवी बॅच एक गाव घेते, तिथं शिबिर करते आणि पुढंही महिन्याला त्याच घरांत जात राहते. गांधीवाद्यांशी आपलं भांडण जुनं आहे, चालू राहील, पण ही परत जायची पद्धत उचला. एका भेटीत फोन 'आहे' असतो. तिसऱ्या भेटीत कळतं की गहाण आहे.

फॉर्म उद्या दुपारपर्यंत दुरुस्त करून देतो. पहिला प्रश्न मी खोडलाय, रिंगटोनचा शेवटी नेलाय. पोरी कमीत कमी निम्म्या पाहिजेत, नाहीतर ओटीपीचा प्रश्न विचारणार कोण? रविवारी संध्याकाळी पुलगावपासून सुरू करू. पहिली दहा घरं झाली की थांबा, ते दहा फॉर्म आपण सगळे मिळून मोठ्यानं वाचू. त्याच्याआधी अकराव्या घराची कडी वाजवायची नाही.